करवंट्यांखालच्या जोड्या

माझ्या सासऱ्यांनी मला फसवलं, हे मी आजवर घराबाहेर कोणाला बोलून दाखवलेलं नाही. वाडीत सांगायला गेले असते तर लोकांनी माझीच समजूत घातली असती. एसटी चालवून निवृत्त झालेला, कोणाच्या अध्यात ना मध्यात असलेला माणूस. नवरा मुंबईला नोकरीला, गणपती-शिमग्याला येणार. त्यामुळे घरात माझं म्हणून कोणी असेल तर ते बाबाच होते. माहेरच्यांपेक्षा माझा त्यांच्यावर भरवसा जास्त, आणि राग येतो तो त्याचाच.

माझ्या मुलीच्या हृदयात जन्मापासून दोष होता. तान्ही असताना रडली की ओठ आणि नखं निळी पडायची. वर्षाची व्हायच्या आत मुंबईला ऑपरेशन झालं, पोर वाचली आणि आम्ही देवीची ओटी भरून मोकळे झालो. पुढे बालवाडीत जायला लागल्यावर माझ्या लक्षात यायला लागलं की हिच्या डोक्यात काही टिकत नाही. चप्पल घाल आणि पिशवी घेऊन ये म्हटलं तर चप्पल घालून दारात उभी राहायची. गाणं अर्ध्यावर सुटायचं. तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, अशा काही मुलांना लक्ष ठेवणं, आठवणं, पुढचा विचार करणं जड जातं. त्यावर खेळातून काम करता येतं, मात्र रोज करायला हवं.

कोल्हापूरहून एक बाई महिन्यातून एकदा रत्नागिरीत येत. मुलांशी खेळायच्या आणि आईबापांना खेळ शिकवून जायच्या. त्यांनी महागडं काही आणायला लावलं नाही. आमच्या दारात माड आहेत हे कळल्यावर म्हणाल्या, करवंट्या घ्या. जमिनीवर पालथ्या मांडायच्या. खाली दोन काजूच्या बिया, दोन चिंचोके, दोन बटणं, दोन शिंपले, असं काहीबाही लपवायचं. एका खेपेला दोन करवंट्या उचलायच्या. जोडी जुळली तर आपली, नाही जुळली तर परत पालथी घालायची आणि कुठे काय होतं ते ध्यानात ठेवायचं.

निघताना त्या एवढंच म्हणाल्या, "तिला हरू द्या. हरल्यावर ती आठवायला जोर लावेल, आणि आपल्याला तेवढंच हवंय." बाबा शेजारीच बसले होते. त्यांनी गंभीरपणे मान हलवली.

रोज शाळेतून आले की पडवीत डाव मांडायचा, असं ठरलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मांडामांड बाबा करायचे, कारण आम्ही दोघींनी तेवढा वेळ भिंतीकडे तोंड करून बसायचं असायचं. मग ते खुर्चीत बसून सुपारी कातरत आमचा खेळ बघायचे. सुरुवातीला पोर सपशेल हरायची, करवंट्या लाथाडायची आणि भोकाड पसरायची. मी दात-ओठ खाऊन बसून राहायचे. बाबा उठून आत जायचे.

आणि मग ती जिंकायला लागली. हात एका करवंटीवर नेई, जरा थांबे, तो काढून दुसरीवर ठेवी आणि बरोबर जोडी काढी. विचार करतेय पोर, मला वाटलं. थांबून विचार करतेय! मी हरायला लागले आणि आयुष्यात कधी हरण्याचा एवढा आनंद झाला नसेल. शाळेत खोबऱ्याच्या वड्या वाटल्या. मुख्याध्यापकांना सांगून ठेवलं की जूनमध्ये मी तिला तिच्या वयाच्या मुलांबरोबर पहिलीतच घालणार. काही जणांचं म्हणणं होतं की एक वर्ष थांबा. त्यांना मी जरा टेचातच उत्तरं दिली.

बाबा अधूनमधून खाकरायचे. जन्मभर घाटातली धूळ खाल्लेला माणूस, खाकरणारच. मी दोनदा आल्याचा काढा करून दिला. तोही ते निमूटपणे प्यायले.

मधल्या खेपांना आमचं रत्नागिरीला जाणं झालं नव्हतं. मे महिन्यात बाई आल्या त्या पहिलीचं काय करायचं ते ठरवायलाच. त्यांच्या खोलीत करवंट्या मांडल्या. मी अगदी ताठ बसले होते, जणू परीक्षेला मीच बसले होते. पोरीने एका करवंटीवर हात ठेवला आणि करवंटीकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघितलं. मग बाईंच्या. मग दाराकडे. हात तसाच. उचलली ती चुकीची, पुढचीही चुकीची, त्याच्या पुढचीही. आधी उघडून पाहिलेल्याही तिला आठवेनात. बाईंनी खेळ थांबवला आणि तिला जवळ घेऊन सहज विचारलं की घरी कसं खेळता गं. पोरीने सांगितलं, आजोबा खाकरले की ती करवंटी घ्यायची नाही. त्यात काही लपवण्यासारखं आहे हे तिला माहीतही नव्हतं.

मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही. वर्गात मुलाने नुसती मान वळवली तरी मी कॉपी पकडते. माझ्याच पडवीत, माझ्या नाकासमोर, महिनोनमहिने चाललं होतं. बाई म्हणाल्या की पहिलीचं या वर्षी नको, पुन्हा पहिल्यापासून सुरू करू.

रिक्षातून घरी येईपर्यंत मी धुमसत होते. रात्री बोलू, शांतपणे बोलू, असं काही सुचलं नाही. बाबा अंगणात माडाच्या झावळ्यांचा झाप विणत होते. मी उभ्या उभ्याच, पोरीच्या देखतच विचारलं. त्यांनी नाकारलं नाही.

"बाय, ती रडली की काळी-निळी पडायची गो. तू कामाला जायचीस, तेव्हा माझ्या मांडीवर पडायची. मना नाय बघवत."

"आता नाही पडत ती निळी, बाबा. ऑपरेशन झालंय."

"तुला ठाव हाय. मना बी ठाव हाय," ते म्हणाले आणि खाली बघून विणायला लागले.

त्यांच्या जागी दुसरं कोणी असतं तर मी भांडले असते. त्या उत्तरावर काय भांडणार? पण माफही करता येईना. नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, बाबांनी सांगितलं होतं मला, पोर हसतेय ना म्हटलं. मुंबईच्या जावेलाही ठाऊक होतं. शेजारच्या काकी तर आमचा डाव बघायला येऊन बसायच्या, त्या गालातल्या गालात का हसायच्या ते तेव्हा उमगलं. माझ्या पोरीचं डोकं चालायला लागलं म्हणून मी देवापुढे साखर ठेवत होते, आणि सगळं घर माझी मजा बघत होतं. मजा बघत नव्हते, मला दुखवायचं नव्हतं त्यांना, असं नवरा म्हणतो. मला ते अजून पटलेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी दार लावून आतल्या खोलीत खेळायला लागले. फक्त आम्ही दोघी. मांडून झालं की मीच करवंट्या इकडच्या तिकडे सरकवायचे, म्हणजे मलाही माहीत नको. पोर हरायची, रडायची. रडताना मी तिच्या ओठांकडे बघायचे. लाल असायचे. बाहेर बाबांच्या येरझाऱ्या ऐकू यायच्या, पण मी दार उघडलं नाही.

भाताची लावणी उरकली त्या सुमाराची गोष्ट. तिने एक करवंटी उचलली, खाली चिंचोका. जरा वेळ डोळे मिटून बसली. मग सरळ कोपऱ्यातल्या करवंटीकडे गेली आणि दुसरा चिंचोका काढला. ती करवंटी मी बरीच आधी उघडली होती, माझ्या ध्यानातही नव्हती. कोणी खूण केली नव्हती, कोणी तिथे नव्हतंच. त्या डावात मी खरीखुरी हरले. मी तिला उचलून गरकन फिरवलं.

ती मात्र हसली नाही. मी खाली ठेवल्यावर माझ्याकडे टक लावून बघत राहिली.

"तू मुद्दाम हरलीस ना?"

"नाही गं. तूच जिंकलीस. शप्पथ."

"आजोबा पण 'तूच जिंकलीस, शप्पथ' असंच म्हणायचे," ती म्हणाली, आणि हातातला चिंचोका जमिनीवर ठेवून बाहेर खेळायला गेली.