दहाव्याला वाजलेली कॅसेट

कापडे गावच्या सयाजीला मेटलचं भारी वेड. नवा अल्बम निघाला की मुंबईचा मित्र एसटीने कॅसेट पाठवायचा आणि वाडीभर गिटारी गुरगुरायच्या. आई बनुबाई ओरडायची, "बंद कर रे ते भूत!"

अठ्ठ्याण्णव साली आंबेनळी घाटात त्याचा टेम्पो दरीत गेला. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. भावकीतल्या शहाण्यांनी गुरांचं, बहिणीच्या लग्नाचं, सगळं कबूल केलं. कावळा फांदीवर ढिम्म. शेवटी बहीण ज्योतीने तो गेल्यावर आलेली नवी कॅसेट नदीकाठी लावली. सगळ्यांना वाटलं, आता कावळाही पळणार. तो खाली आला, शिवला, पण उडेना. एक बाजू संपली तरी बसूनच.

बनुबाई हळूच म्हणाली, "ज्योते, बाजू पलट गो."