खवट तेल आणि तिसऱ्यांचे शिंपले

त्या दिवशी मी गप्प बसले, याचा राग अजून जात नाही.

करंजाच्या बियांच्या तेलापासून डिझेल करायचं, हा माझा पीएचडीचा विषय. तेलात मिथेनॉल घालून तापवायचं, आणि उत्प्रेरक काय, तर खाडीतल्या, खायच्या तिसऱ्यांचे शिंपले! भट्टीत भाजले की त्यांचा चुना होतो आणि तो हे काम झकास करतो. शिंपले आमच्या लालबागच्या घरातलेच. रविवारी तिसऱ्यांचं सुकं झालं की आई ते धुऊन गॅलरीत सुपात वाळवायची, खलबत्त्यात कुटून डबा भरून द्यायची. "माझ्या चेडवाच्या डिझेलाक लागतत," असं अख्ख्या चाळीला सांगायची.

माझ्या गाइड सरांनी निधी देणाऱ्या पाहुण्यांपुढे प्रयोग ठेवला. तो जमला तर शिंपल्यांचं काम पुढे चालणार, नाहीतर बंद. लॅबच्या कपाटात वर्षभर पडलेलं तेल आदल्या दिवशी मी गाळायला घरी आणलं. आईनं बूच उघडून नाक मुरडलं. "गो, ह्या तेल खवट झालाहा." गावी करंजाचं तेल तिनं दिव्याला, खरजेला वापरलेलं. सकाळी लवकर लॅबमध्ये जाऊन मी तपासलं. आम्ल भरमसाट! अशा तेलात चुना थेट घातला तर डिझेल होत नाही, साबण होतो. आधी आम्ल कमी करावं लागतं. सरांना सांगितलं, तर म्हणाले, "एवढा वेळ कुणाला आहे? घाला तसंच."

घातलं. तासाभरात फ्लास्कमध्ये पिवळा, बुळबुळीत गोळा. पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले, तसे सर हसत म्हणाले, "मासळीबाजारातला कचरा वापरल्यावर दुसरं काय होणार?" सगळे हसले. अरे, सकाळीच कानीकपाळी ओरडले होते ना मी! पण मी मान खाली घालून फ्लास्क धुवायला घेतला. प्रबंधावर सही त्यांचीच लागते.

शिंपले बंद झाले. घरी आईनं विचारलं, "काय झाला गो?" मी तिच्यावरच फणकारले, "तुझे शिंपले नीट धुतलेले नसतात!" साफ खोटं. काम बंद पडलंय हेही सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात दादरहून ताजं तेल आणून, डब्यात उरलेले शिंपले भाजून मी एकटीनंच तो प्रयोग केला. वर स्वच्छ डिझेल, खाली ग्लिसरीन. बाटली घेऊन तडक घरी आले. आई मोरीत बसून तारेच्या घासणीनं एकेक शिंपला घासत होती. बोटं सोलवटलेली.

"चार पाण्यात धुतंय आता," ती म्हणाली. "आता तरी तुझ्या सरांका चलतीत?"