आवतनाच्या यादीची गाळणी

मी पुसदला घरी बसून प्रोग्रॅम लिहिते. आमच्या कामात यादी क्रमानं लावायला 'सॉर्ट' आणि नको ते गाळायला 'फिल्टर' आयतंच मिळतं. पण त्याला आकडे न् अक्षरं कळतात, मानपान कळत नाही. म्हणून भावाच्या लग्नात मी एक उपद्व्याप केला. त्याच नावांची माझी फंक्शनं लिहिली आणि आतलं काम भाषा मॉडेलवर, म्हणजे बोली समजणाऱ्या एआयवर, सोपवलं. साध्या मराठीत एक वाक्य द्यायचं, की यादी तशी होऊन परत.

बाबा निवृत्त कारकून. त्यांच्या वहीत आवतनाची दोन-अडीचशे घरं. "एकही घर सुटलं नाही पाहिजे बाप्पा," ते बजावत. "सुटलं त जन्माचं तोंड वाकडं."

'मानाप्रमाणे लाव' म्हटलं, तर मॉडेलनं मामांना वर नेलं. पुन्हा चालवलं, तर आत्या वर. बाबा तरी खूश. "याले मामाचा मान कोनं सांगतला व?" मी शेफारलेच. मग फिल्टरला म्हटलं, 'जे हयात नाहीत ते गाळ.' काय गळलं ते पाहिलंसुद्धा नाही. पत्रिका वाटून झाल्या.

लग्न आठ दिवसांवर आलं तेव्हा बाबांनी विचारलं, "आर्णीच्या काकूचा फोन काहून नाही आला?"

यादी उघडली, तर काकूंचं घरच त्यात नव्हतं. आमच्याकडे माणूस गेला तरी घर त्याच्याच नावानं चालतं, आवतनही त्याच्याच नावानं जातं. आर्णीचे काका बाबांचे मित्र; बाबांनी त्यांच्या नावामागे 'कै.' लिहून घर ठेवलं होतं. मॉडेलनं मी सांगितलं तेच केलं. अशी चार घरं गेली होती. तीन गावातलीच, त्यांच्याकडे बाबा लगेच निघाले. पण आर्णीच्या काकू! बाबांची बदली झाली तेव्हा माझं दहावीचं वर्ष त्यांच्या घरी गेलं, त्यांच्या हातचं खाऊन. स्वतःच्या हुशारीचा एवढा राग मला कधी आला नव्हता.

सकाळच्या एसटीनं आर्णी गाठली. पत्रिकेवर या वेळी काकूंचंच नाव लिहिलं होतं. दारातच खरं ते सांगून टाकलं, "काकू, मशीनला म्हटलं होतं गेलेल्यांना गाळ. त्यात तुमचं घर गेलं."

"मशीनले कायले दोष देतं?" काकू म्हणाल्या. "शेजारीण पत्रिका दाखवून गेली. म्या म्हटलं, ते गेले तवाच मीबी गेली समजा."

मला रडूच फुटलं. काकूंनी पाणी दिलं, मग पेन मागितला आणि पत्रिकेवर आपल्या नावाच्या वर काकांचं नाव लिहिलं. "आता बराबर झालं," म्हणाल्या. "जेवून जाय."

घरी येऊन फिल्टरचं वाक्य बदललं: 'माणूस गेला तरी ज्या घरी चूल पेटते, ते घर ठेव.' चारही घरं परत आली. तरी बाबा वही घेऊन एकेका नावावर बोट ठेवत बसले. मी शेजारी बसून यादी वाचून दाखवली.