नळीचं गाऱ्हाणं

ही गोष्ट मी आजवर पहिल्यापासून फक्त बायकोला सांगितली, आणि तीही ती पाट्यावर वाटप वाटत होती तेव्हा, म्हणजे तिला ऐकू जाणार नाही अशा बेताने. आता सगळी सांगतो.

साठ सालानंतर मी गुजरातेत, जमिनीखालचं तेल काढणाऱ्यांच्या छावणीवर नोकरीला लागलो. घरी पत्रात लिहायचो, 'तेलाच्या विहिरींवर काम करतो.' तसं खोटं नव्हतं. विहिरी हाकेच्या अंतरावर होत्या, आणि मी गोदामाच्या खिडकीत बसून हातमोजे, नटबोल्ट आणि साबणाच्या वड्या देत होतो. गावी, देवबागेत, मात्र माझी पत्रं मोठ्याने वाचली जात, आणि दर वाचनाला माझा हुद्दा एकेक पायरी चढे. मी तो कधी खाली उतरवला नाही.

छावणीवर एक परदेशी पुस्तक आलं होतं. त्यात एक चित्र होतं: मोठ्या चाकावर गुंडाळलेली लोखंडाची बारीक, अखंड, लांबच लांब नळी. विहिरीतले पाईप बाहेर न काढता ही नळी त्यांच्या पोटातून सरळ तळापर्यंत सोडायची. तिच्यातून पाण्याचा मारा केला की तळाशी बसलेली वाळू वर येते. वायू सोडला की आत साचलेलं जड पाणी हलकं होतं आणि रुसून बसलेली विहीर पुन्हा वाहू लागते. हे मला एका इंजिनिअरने जेवणाच्या सुट्टीत समजावलं. तसं यंत्र आमच्या छावणीवर नव्हतंच. त्यानेही चित्रच पाहिलं होतं.

त्या वर्षी रजेवर घरी आलो तर वाडीचं बोरिंग बंद. देवबाग म्हणजे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधे वाळू. त्या वाळूत पाईप ठोकून वर हापसा बसवला होता; वाडीचं गोडं पाणी तेवढंच. पाईप वाळूने भरला आणि बायका होडीत हंडे घालून खाडीपलीकडून पाणी आणू लागल्या.

"ह्या तर माझा रोजचा काम!" मी म्हणालो. मला कोणी विचारलंही नव्हतं.

चित्रातलं सगळं मी ओटीवर बसून, हात हलवून सांगितलं. शेजारच्या काकीने हंडा खाली ठेवून ऐकून घेतलं.

"म्हणजे खालपर्यंत नळी घालूची, पाणी मारूचा, आणि आतली घाण भायर?"

"व्हय."

"मगे एनिमा म्हण मा रे सरळ! त्येलाच्या बावींका एनिमा देतंस तू, आणि तुझी आवस गावभर सांगता, झील माझो इंजिनेर!"

मुंबईहून आगबोटीने काळ्या प्लास्टिकच्या नळीचं भेंडोळं मागवलं. माडांच्या बागेतलं पाण्याचं इंजिन आणलं. तांडेल असलेल्या माझ्या मामेभावाने आपले खलाशी घेतले, भेंडोळं सोडलं, आणि होडीवर दोर ठेवतात तशी ती नळी वाळूवर वेटोळ्यावर वेटोळं घालून नीट रचली. देखणं काम झालं होतं.

"असाच मा, साहेबानु?" त्याने विचारलं. "तुमच्याकडेय अशेच वेटे घालतत?"

चित्रातलं चाक माझ्या डोळ्यांसमोर गरगर फिरलं. चाक हवं म्हणावं, तर केवढं, कसलं, तू कसं बसवतोस, हे सगळं विचारलं गेलं असतं.

"अगदी असाच," मी म्हणालो.

मग माझे काका पुढे झाले. आमच्याकडे काहीही सुरू करायचं तर आधी गाऱ्हाणं. नारळ पुढे ठेवून घरचा वडीलधारा सगळ्या देवांना, देवचारासारख्या सीमेवरच्या राखणदारांना नावानिशी हाक मारतो, काम सांगतो, आणि दर वाक्याला बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. वाडीचं गाऱ्हाणं माझ्या काकांकडे होतं. आवाज असा, की खाडीतल्या होडीत बसलेला माणूसही 'व्हय म्हाराजा' म्हणून मोकळा होई.

गाऱ्हाणं झालं, इंजिन धडधडलं, नळी आत जाऊ लागली. वर वाळू आली तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या. पण दर वेटोळं उचललं की नळीला एक पीळ बसत होता. दोर पीळ पोटात घेतो. नळी घेत नाही. वीसेक फुटांवर ती आतल्या आत मुरगळली. पाणी थांबलं. तांडेलाने ओढली, चौघांनी ओढली, आणि जाळं ओढल्यासारखे सगळे 'हेऽऽ' करून ओढायला लागल्यावर ती तुटली. चौघे वाळूत उताणे, अर्धी नळी पाईपात, त्यावर पुन्हा वाळू. बोरिंग कायमचं मेलं.

सगळे माझ्याकडे बघू लागले. तेव्हा मी हळूच म्हणालो, "गाऱ्हाण्यात काय ऱ्हवला तर नाय ना?"

बस, एवढंच. काका विचारात पडले. ओठांतल्या ओठांत सगळी नावं पुन्हा मोजली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"देवचार," ते म्हणाले. "देवचाराचा नाव घेवक इसारलंय."

मी मान हलवली. साबण देणाऱ्या माणसाने मान हलवली.

काकांनी त्यानंतर गाऱ्हाणं दिलं नाही. होड्या समुद्रात घालताना, लग्नाला, कशालाच नाही. कोणी आग्रह केला तर म्हणत, "माझ्या तोंडान वाडीचा पाणी गेला." बायका हंडे घेऊन होडीत चढताना दिसल्या की ते पाठ फिरवून बसत. मी दर रजेला काकांसाठी चांगला तंबाखू नेत असे. ते म्हणत, "बरो झील." तो तंबाखू मलाच झोंबायचा.

काही वर्षांनी वाडीने नवी विहीर खोदली. गोडं पाणी लागलं. काकांनी नकार दिला, तेव्हा घरातला पुढचा पुरुष म्हणून गाऱ्हाणं माझ्याकडे आलं. नारळ पुढे ठेवला.

"बा देवा म्हाराजा, आज ही सगळी वाडी, हो बारा-पाचाचो मेळ, तुझ्याफुडे उभो आसा."

"व्हय म्हाराजा!"

"त्या बोरिंगाचा वाटोळा माझ्या काकान नाय केल्यान, मी केलंय."

"व्हय म्हाराजा!"

"नळयेक चाक लागता, ता माका ठावक होता. मी गप ऱ्हवलंय. मी इंजिनेर नाय, मी साबण वाटतंय!"

"व्हय म्हाराजा!" सगळी वाडी एका सुरात म्हणाली. सवयच ती, एकाने ऐकलं असेल तर शपथ. फक्त तांडेल माझ्याकडे तोंड उघडं टाकून बघत राहिला, आणि मागे माडाला टेकून बसलेल्या काकांनी मान वर केली.

ते काठी टेकत पुढे आले. मारतील असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"सगळा सांगलंस," ते म्हणाले, "पण देवचार तूय इसारलंस. सरक, बाजूक हो."

मी बाजूला झालो. त्यांनी घसा खाकरला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. खाडीत पागत असलेल्या एकाने हातातलं जाळं तसंच धरून मान वळवली, आणि मी सगळ्यांच्या आधी ओरडलो, "व्हय म्हाराजा!"