दोन ठोके

आतून दोन ठोके आले. मी बाहेर कंटेनरच्या दाराला हात लावून उभी होते. एक ठोका म्हणजे कंटेनर ठीक आहे. दोन म्हणजे भोक आहे.

दार उघडलं. निकिता डोळे मिचकावत बाहेर आली. "मॅडम, उजेड येतोय. डाव्या अंगाला, वरती, पार टोकाला."

तिला बाहेर थांबवून मी आत गेले. तिने दार लोटलं. आधी काहीच दिसलं नाही. पन्नाशी उलटल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो. मग दिसलं. छताच्या कडेला तांदळाच्या कणीएवढा उजेड होता. मीही आतून दोनदा ठोकलं. खरं तर गरज नव्हती, पण बरं वाटलं. आपण शिकवलेलं कुणीतरी इतकं नीट केलं की होतं असं.

मी पळस्पेजवळच्या एका कंटेनर यार्डात ऑपरेशन्स मॅनेजर आहे. कारखान्यांचा माल आमच्याकडे येतो, कंटेनरमध्ये भरला जातो, कस्टमचे सोपस्कार होतात आणि मग तो बंदरात जातो. भरण्याआधी रिकामा कंटेनर तपासायचा असतो. त्याला सर्व्हे म्हणतात. त्यातला सगळ्यात साधा भाग म्हणजे लाइट टेस्ट. माणसाने आत उभं राहायचं, दारं लावायची आणि पत्र्यातून कुठे उजेड येतो का ते बघायचं. जिथून उजेड येतो तिथून पाणीही येतं. दाराचा दांडा चुकून पडू नये म्हणून एकाने बाहेर थांबायचं, हा नियम. आतून ओरडलं तर आवाज नुसता घुमतो, म्हणून ठोके. मी इथे लागले त्याच्या आधीपासून ही पद्धत आहे.

ना मशीन लागतं, ना सॉफ्टवेअर. फोन बाहेर ठेवून अंधारात थोडा वेळ गप्प उभं राहावं लागतं. कॉलेजच्या मुलांना हे किती जड जातं ते मी पाहिलंय. एकजण आत गेला आणि लगेच एक ठोका देऊन बाहेर आला. विचारलं, "काय पाहिलंस?" म्हणाला, "अंधार." निकिता तशी नव्हती. उरणकडच्या कोळीवाड्यातली मुलगी. वडील आधी होडीवर, नंतर बंदरात कंत्राटी कामावर. ती आत गेली की आम्हाला वाटायचं, ही आत झोपली की काय. भोक नाही याची खात्री होईपर्यंत ठोका यायचा नाही.

आता ती आमच्याकडे कशी आली ते सांगते. हल्ली डिग्रीच्या मुलांना ओजेटी सक्तीचं आहे. ऑन जॉब ट्रेनिंग. म्हणजे खऱ्या कामाच्या जागी जाऊन काम शिकायचं आणि त्याचे मार्क डिग्रीत धरायचे. कल्पना उत्तम आहे. मी तर म्हणेन, वीस वर्षांपूर्वी यायला हवी होती. पण ती आली आणि पनवेलमधल्या निम्म्या दुकानांनी एचआर डिपार्टमेंट उघडलं. कुणी काकाच्या मोबाइलच्या दुकानातून सर्टिफिकेट आणतो, कुणी कामोठ्यातल्या ट्यूशन क्लासमधून. एका मुलीने मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात 'ऑपरेशन्स अॅनालिस्ट' म्हणून काम केल्याचा कागद आणला होता. मामाने तोही स्वतःच्याच मशीनवर काढला होता.

हा कागद मला दाखवला देवधर सरांनी. जवळच्या कॉलेजात लॉजिस्टिक्स शिकवतात आणि ओजेटीची जबाबदारीही त्यांच्याच गळ्यात मारलेली आहे. त्यांना आमच्या यार्डात अख्खा वर्ग पाठवायचा होता. मी म्हटलं, चार पाठवा. शिकवू शकतील असे सर्व्हेअर माझ्याकडे दोनच आहेत. चाळीस आले तर ते कँटीनमध्ये बसतील. ते म्हणाले, "मॅडम, मग बाकीच्यांचं काय?" प्रश्न बरोबर होता. तरीही मी चारवर अडून बसले. त्या चौघांत निकिता होती.

आमच्या जीएमकडे, सामंत साहेबांकडे, मी महिनाभर डोकेफोड केली. मुलांना फक्त फाइली उचलायला लावायच्या नाहीत. गेट, यार्ड, सर्व्हे, डॉक्युमेंटेशन, सगळीकडे फिरवायचं. मजुरांची सुट्टी भरून काढायला वापरायचं नाही. सेफ्टी शूज कंपनीने द्यायचे. शेवटची तोंडी परीक्षा कॉलेजात न घेता यार्डात घ्यायची, कंटेनरसमोर उभं करून. आणि एक गोष्ट मी हट्टाने करून घेतली. सिस्टिममध्ये सर्व्हेच्या एंट्रीत विद्यार्थ्याचं नाव आलं पाहिजे. काम त्याने केलं तर नाव त्याचं. नाहीतर शिकतोय कशाला? सामंत साहेब हसले होते. "घ्या मॅडम, भागवून तुमची हौस." हौस हा शब्द मला तेव्हाच टोचला होता.

तर त्या दिवशी आम्हाला भोक सापडलं आणि तिथेच घोडं अडलं. माल हळदीच्या पावडरचा, कागदी पिशव्यांमधला. असल्या मालाला थेंबभर पाणी पुरतं. पण जहाजाची वेळ जवळ आली होती. बंदराचं गेट एका ठरलेल्या वेळेनंतर त्या जहाजाचा माल घेत नाही. त्याला कट-ऑफ म्हणतात. दुसरा रिकामा कंटेनर मागवायचा तर पळस्पे फाट्यावर ट्रॅफिक तुंबलेलं. मी सामंत साहेबांना फोन केला.

"केवढं भोक आहे?" त्यांनी विचारलं.

"कणीएवढं. पण हळद आहे, साहेब."

"सिलिकॉन लावा, वर टेप मारा, भरून टाका. मी बघतो."

मी म्हटलं, हे बरोबर नाही, मी कंटेनर रिजेक्ट करतेय. त्यांनी फोन ठेवला आणि सरळ परशुभाऊंना लावला. परशुभाऊ आमचे जुने सर्व्हेअर. ते टॅबवर एंट्री करतात. निकिताने दारावर खडूने फुली मारली होती. नापास कंटेनरवर आम्ही मारतो तशी. परशुभाऊंनी माझ्याकडे न बघता ती बाहीने पुसली आणि एंट्री टाकली. कंटेनर ओके. तपासणारी व्यक्ती, निकिता कोळी.

निकिता बघत उभी होती. तिने मला हळूच विचारलं, "मॅडम, मग आमी कशाला बघितलं?"

मी म्हटलं, तुझं बरोबर आहे, साहेबांनी त्यांच्या जबाबदारीवर निर्णय घेतलाय. तेव्हा मला ते खरं वाटत होतं.

काही आठवड्यांनी बातमी आली. वाटेत कुठेतरी टेप सुटली, पाणी शिरलं आणि हळदीचे दगड झाले. घेणाऱ्याने माल नाकारला. पाठवणाऱ्याने आमच्यावर क्लेम टाकला. कॉन्फरन्स रूममध्ये मीटिंग बसली. हेड ऑफिस स्क्रीनवर, सामंत साहेब मधल्या खुर्चीत, परशुभाऊ भिंतीला टेकून. देवधर सरांनाही बोलावलं होतं. हे माझ्या लक्षात आलं तेव्हाच मला अंदाज यायला हवा होता.

सामंत साहेबांनी एंट्री स्क्रीनवर टाकली. म्हणाले, कंटेनर एका ट्रेनीने तपासला होता, अनुभव नव्हता, भोक नजरेतून सुटलं, दुर्दैवी आहे. इतक्या मऊ आवाजात म्हणाले की स्क्रीनवरची माणसंही हळहळली.

मी बोलले. दोन ठोके मी ऐकले, भोक मी स्वतः पाहिलं, साहेबांना फोन मी केला, हे सगळं त्यांच्या तोंडावर सांगितलं. साहेबांनी विचारलं, फोनवर काय बोलणं झालं याचं रेकॉर्डिंग आहे का. मी परशुभाऊंकडे पाहिलं. ते म्हणाले, त्यांना नक्की आठवत नाही. त्यांची मुलगी नर्सिंगला आहे. मी त्यांना दोष देत नाही, असं लिहायला हवं. पण देते.

मीटिंगनंतर सामंत साहेबांनी मला केबिनमध्ये बसवून चहा मागवला. लहान मुलीला समजवावं तसं समजावलं. भोक माहीत असून माल भरला असं निघालं तर इन्शुरन्स हात वर करतो. बघताना चूक झाली असं निघालं तर क्लेम पास होतो. "मॅडम, त्या मुलीचं काय जातंय? ती काय नोकरीला आहे?"

मी चहा न घेता उठले. जागेवर येऊन हेड ऑफिसला सगळं लिहून ईमेल केला. दोन शब्दांचं उत्तर आलं. नोटेड, थँक्स.

मुलीचं काय जात होतं ते देवधर सरांच्या फोनवरून कळलं. कंपनीने कॉलेजला निष्काळजीपणाची तक्रार केली होती आणि कॉलेजने तिचे ओजेटीचे मार्क रोखले होते. ते मार्क नाहीत तर डिग्री नाही. वर्ष गेलं. पण मार्ग निघालाय, सर म्हणाले. मुलीने साधं माफीपत्र द्यावं. चूक झाली, पुन्हा होणार नाही. कंपनी तक्रार मागे घेईल, कॉलेज तिला पास करेल. मजकूर ते स्वतःच करून देणार होते.

मी म्हटलं, "सर, तिने बरोबर केलं त्याची माफी मागायची?"

"तसं नाही हो मॅडम."

"मग कसं? परीक्षा यार्डात घ्यायची असं आपलं ठरलंय. तुम्ही या. मी तिला हवे तेवढे कंटेनर उघडून देते. एक जरी भोक तिच्या नजरेतून सुटलं तर खुशाल नापास करा."

ते मग म्हणाले, "मॅडम, मी तासिका तत्त्वावर आहे. जूनमध्ये मला परत घेतील की नाही, हे मलाच माहीत नाही."

तासिका तत्त्व म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढाच पगार, आणि दर वर्षी पुन्हा नव्याने नेमणूक. दुसऱ्यांच्या नोकरीची तयारी करून घेणाऱ्या माणसाला स्वतःची नोकरी नव्हती. मला त्यांची कीव आली आणि रागही आला. दोन्ही अजून तशीच आहेत.

मग मी प्राचार्यांना भेटले. ते अगदी छान बोलले. उद्योग आणि शिक्षण यांच्यातल्या दरीबद्दल बोलले. माझ्यासारख्या लोकांची समाजाला गरज आहे, असं म्हणाले. विषयावर मात्र आलेच नाहीत.

निकिता मला पनवेलच्या एसटी स्टँडवर भेटली. तिनेच फोन करून बोलावलं होतं. घरी काही सांगितलं नव्हतं. मी तिला म्हटलं, पत्र देऊ नकोस, आपण विद्यापीठाकडे जाऊ, मी सोबत येते. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, चूक माझी नाय, ते तुमाला माहीत हाय. मला पण माहीत हाय. पण मार्कशीटला नाय ना माहीत." मग म्हणाली, "विद्यापीठात किती वेळ जाईल?"

मी म्हटलं, सांगता येत नाही.

"माझ्या मागं धाकटा भाऊ हाय. बाबांचं कंत्राट सुटलंय. मी लिवते. तुमी वाईट नका वाटून घेऊ."

मला वाईट वाटू नये म्हणून ती मला समजावत होती. माझ्याकडे तिला द्यायला तत्त्व सोडून काहीच नव्हतं आणि त्याची किंमत मोजणार होती ती. उरणची गाडी लागली, ती गेली.

पत्र तिने दिलं. 'माझ्या निष्काळजीपणामुळे कंपनीचे नुकसान झाले.' कॉलेजने तिला काठावर पास केलं. मग कळलं की ते पत्र कॉलेजच्या फाइलपुरतं नव्हतंच. कंपनीने ते क्लेमच्या कागदांना जोडलं होतं. पाठवणाऱ्याला पैसे मिळाले, इन्शुरन्सचं समाधान झालं, हेड ऑफिसने सामंत साहेबांचं अभिनंदन केलं. मला सर्व्हेवरून काढून डॉक्युमेंटेशनला बसवलं. तिथे काम कमी आहे आणि खिडकीतून पार्किंग दिसतं.

यंदा कॉलेजचं ओजेटी ऑनलाइन आहे. मुलं घरी बसून व्हिडिओ बघतात, खाली बटण दाबतात, सर्टिफिकेट येतं. शंभर टक्के विद्यार्थ्यांचं ट्रेनिंग पूर्ण. बाकीच्यांचं काय, या देवधर सरांच्या प्रश्नाला अखेर उत्तर मिळालं. कॉलेजच्या गेटवर मोठा फ्लेक्स लागलाय, प्रत्यक्ष कामातून शिक्षण. त्यावर फोटो निकिताचा आहे. हेल्मेट घालून कंटेनरच्या दारात उभी, हसतेय. तो फोटो मीच काढला होता.

निकिताला नोकरी लागली. दुसऱ्या एका यार्डात, सर्व्हे असिस्टंट म्हणून. माझ्या ओळखीतून लागली, तेवढं तरी करता आलं. परवा पळस्पे फाट्यावर रिक्षाची वाट बघताना भेटली. गळ्यात कंपनीचं कार्ड, पायात सेफ्टी शूज. बरी दिसत होती. साहेब खूश आहेत, म्हणाली. काम पटापट होतं, माझ्यामुळे एकपण गाडी थांबत नाय.

मी विचारलं, "लाइट टेस्ट करतेस ना?"

"हो मॅडम, रोज करते." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता एकदाच ठोकते."

तिची रिक्षा आली. ती बसून गेली. कॉलेजच्या नोंदीत निकिता कोळीचं ऑन जॉब ट्रेनिंग पूर्ण झाल्याचं लिहिलेलं आहे. ते आता खरं झालंय.