महादूचे कान

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – आणि तिला माझी शुगर किती, मला रात्री झोप का लागत नाही, मी कुणाला टाळतो, सगळं ठाऊक असतं. झोपेचं कारण तेवढं चुकीचं ठाऊक आहे. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

आनंदनगर एमआयडीसीत एका प्रेस शॉपमध्ये मी सुपरवायझर आहे. मोठमोठ्या प्रेसवर पत्रा ठोकून त्याचे भाग काढायचे. नवा माणूस पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून नुसता बसतो. ठोके थांबलेले असतात, पण त्याच्या छातीत, दातांत ते चालूच असतात. शॉपमध्ये तोंडानं बोलणं नाहीच, सगळं हातानं. एक बोट वर म्हणजे मार. पंजा आडवा म्हणजे थांब. मी बसतो काचेच्या केबिनमध्ये. दार लावलं की तिथं पंख्याची कुरकूरसुद्धा ऐकू येते.

महादू सगळ्यात मोठ्या प्रेसवर होता. कॉन्ट्रॅक्टवर. बारवीकडच्या एका पाड्यावरून यायचा. पावसाळ्यात घरची भातशेती, बाकीचं वर्ष आमच्याकडे. माझ्याच वयाचा, पण तो मला साहेब म्हणायचा आणि मी त्याला अरे-तुरे करायचो. पत्र्याला आकार देणारा साचा तडकायच्या आधी ठोक्याचा आवाज किंचित बदलतो. महादूला तो बदल कळायचा. तो प्रेस थांबवायचा, साचा वाचायचा, आणि वर नाव माझं व्हायचं.

आता इथं – इथं मला थांबावंसं वाटतंय. पण नको.

कानांवर घालायचे मफ कंपनीनं दिले होते. चांगले होते. ते माझ्या कपाटात असायचे, कुलपात. तपासणीला कुणी येणार असलं की वाटायचो, ते गेले की परत घ्यायचो. धुळीनं खराब होतात, असं सांगायचो. बाकीच्यांच्या बाबतीत तो माझा आळस होता म्हणा. महादूच्या बाबतीत नव्हता. त्यानं एकदा स्वतःहून मागितले. मी म्हणालो, तू कान झाकलेस तर साचा कोण ऐकणार? तो हसला. त्याला ती शाबासकी वाटली. तशी वाटावी म्हणूनच तर म्हणालो होतो मी.

पुढं एकदा कंपनीत कान तपासणारी गाडी येणार होती. आदल्या दिवशी महादू केबिनमध्ये आला आणि दार त्यानंच लावून घेतलं.

"साहेब, डावा कान गेलाय. उजव्यानं निम्मं येतं. उद्या त्यांना कळलं तर मला काढतील."

काढलं नसतं. पॅकिंगला टाकलं असतं, डॉक्टरकडे पाठवलं असतं. उजवा कान होता तेवढा तरी राहिला असता. हे मला माहीत होतं, त्याला नव्हतं. आणखीही एक माहीत होतं – त्याचा रिपोर्ट वर गेला की पहिला प्रश्न येणार, मफ कुठं होते?

"मी आहे ना," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तो गाडीतल्या छोट्या काचेच्या खोलीत बसला. कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. तपासणारी मुलगी मशीनवर मान वाकवून बसली होती. मी तिच्या मागं उभा. तिनं कळ दाबली की मी कमरेपाशी एक बोट वर करायचो. महादू काचेतून बघायचा आणि बटण दाबायचा. इतकं सोपं होतं ते. कान उत्तम, असा रिपोर्ट आला.

तो बाहेर आल्यावर एकजण ओरडला, "काय महाद्या, मग बायकोची हाक बरी ऐकू येत नाय तुला?" सगळे हसले. महादूला ते ऐकू आलं नव्हतं. सगळे हसतायत म्हणून तोही हसला.

मग त्याच प्रेसवर त्याचा उजवाही गेला. दोन साचे तडकले. वरून विचारणा झाली, तेव्हा 'कामात लक्ष नसतं' हा शेरा मीच दिला. त्याचं कॉन्ट्रॅक्ट पुन्हा झालं नाही. त्याला वाटलं, वरच्यांनी काढलं. कोण सांगणार होतं त्याला?

गेल्या पावसाळ्यानंतर मी त्याच्या पाड्यावर गेलो. खरं सांगायलाच गेलो होतो, यावर तुम्ही विश्वास ठेवला नाही तरी चालेल. महादू ओटीवर होता. त्याची बायको बोलत राहिली. त्यांची गाभण म्हैस ओढ्याच्या चिखलात रुतली होती. ओरडत होती, ते वरच्या घरांपर्यंत ऐकू गेलं. लोक धावत आले, तर महादू तिच्याकडं पाठ करून लाकडं फोडत होता, हाकेच्या अंतरावर. तोवर ती गेली होती. तेव्हापासून तो गुरांमागं जात नाही, म्हणाली. आणि कुठलाच आवाज येत नसला तरी डोक्यात ठोके चालूच असतात. रात्री उठून कान दाबून बसतो.

मला वाटलं, सुटलो. ज्याला ऐकू येत नाही, त्याला काय सांगणार?

तर ती म्हणाली, "तुमी बोला साहेब. मी यांना हातानं सांगते. आमचं जमतं."

दोघंही माझ्या तोंडाकडं बघत राहिले.

"कंपनीत सगळे त्याची आठवण काढतात, म्हणावं," मी म्हणालो.

तिनं ते हातानं सांगितलं. महादूचा चेहरा उजळला. बहिऱ्या माणसाच्या आवाजात, शेजारची बाई दारात यावी इतक्या मोठ्यानं तो बायकोला म्हणाला, "या साहेबांनी मला वाचवला तेव्हा. नायतर तवाच घरी बसलो असतो."

ती आत गेली आणि नव्या तांदळाची पिशवी घेऊन आली. मी नको म्हणालो नाही. पिशवी गाडीला अडकवली आणि हेंद्रेपाड्याला घरी आलो.

बायकोनं त्याच संध्याकाळी तो तांदूळ शिजवला. वास फार छान येतोय, कुणी दिला, म्हणाली. मी म्हणालो, एका ओळखीच्यानं. आणि मी दोनदा भात वाढून घेतला.