पांढरी साडी, निळे काठ

चोवीस वर्षं हिरा मार्केट यार्डात कांदे निवडत होती. बाबुराव तिथेच भुसार बाजारात हमाल. तो पोती वाहायचा, ती दिवसभर कांद्याच्या ढिगापाशी बसलेली असायची. दोघांच्या या कष्टावर एकुलती दीक्षा इंजिनिअर झाली आणि खराडीच्या एका कंपनीत लागली. तिथेच काम करणाऱ्या अभिनवशी तिचं लग्न ठरलं. मुलगा नागपूरचा, बौद्धच, घर शिकलेलं. नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं.

अडलं ते साडीवर.

बाबुरावाचं म्हणणं एवढंच की नवरी पांढऱ्या साडीत उभी राहावी, आपल्यात तसंच असतं. दीक्षाला जांभळी पैठणी हवी होती, नथ हवी होती, मुंडावळ्या हव्या होत्या आणि कोपरापर्यंत हिरवा चुडा. तिच्या सगळ्या मैत्रिणी आपापल्या लग्नात तशाच नटल्या होत्या. साडीवर बाबुराव थोडंफार ऐकून घेई, पण चुड्याचं नाव निघालं की ताटावरून उठून जाई. हिराला वाटे, याला धम्माचं फार आहे.

तिघं लक्ष्मी रोडला गेली. बाबुरावाने पांढरी साडी दाखवा म्हटल्यावर गादीवरचा विक्रेता त्याच्याकडे न बघताच म्हणाला, "पांढऱ्या साड्या वरच्या मजल्यावर, काका. इथे लग्नाचं आहे."

"लग्नाचीच हवीय," बाबुराव म्हणाला.

विक्रेत्याने दोन पांढऱ्या साड्या आणवल्या आणि कोपऱ्यात टाकल्या. तोवर दीक्षाने जांभळी पैठणी खांद्यावर घेतली होती. बाबुरावाने हिराकडे पाहिलं. आता ती आपल्या बाजूने एखादा शब्द बोलेल, अशा आशेने तो बघतोय, हे तिला कळत होतं. पण हिराचं स्वतःचं लग्न सुती पांढऱ्या साडीत झालं होतं. त्या दिवशी गल्लीतल्या दुसऱ्या मांडवातली भरजरी नवरी तिने डोळे भरून पाहिली होती आणि ती गोष्ट कधी कुणाला सांगितली नव्हती.

"जांभळा रंग खुलतोय तिला," ती म्हणाली.

बाबुराव दीक्षाकडे वळला. मग म्हणाला, "नेस तुला काय नेसायचं ते." आणि बाहेर जाऊन फुटपाथवर उभा राहिला. मायलेकींनी पैठणी घेतली, तुळशीबागेतून नथ आणि चुडाही घेतला. परतताना बसमध्ये गर्दी होती. पैठणीचा खोका चेपू नये म्हणून बाबुरावाने तो घर येईपर्यंत मांडीवर धरला. बोलला मात्र नाही.

त्यानंतर बाराव्या दिवशी दुपारी, ट्रकमधून तुरीची पोती उतरवता उतरवता तो खाली बसला. सोबतच्या हमालांना वाटलं, दम लागला असेल. पाणी आणेपर्यंत सगळं संपलं होतं. लग्नाला अठरा दिवस उरले होते.

लोणी काळभोरहून बाबुरावाची थोरली बहीण यमुनाबाई आली. पुरुष त्याला स्मशानात घेऊन गेल्यावर वस्तीतल्या दोघीतिघी म्हाताऱ्या हिराजवळ सरकल्या. एकीने तिचा हात हातात घेतला आणि बांगड्यांचं काय ते आजच उरकून घ्यावं, असं हलक्या आवाजात सुचवलं. हिराला कशाचीच शुद्ध नव्हती. तिने हात तसाच पुढे राहू दिला.

"हात सोड तिचा," यमुनाबाई दारातून म्हणाली. "माझ्या भावाच्या घरात हे व्हायचं न्हाई."

म्हाताऱ्या उठून गेल्या. मग यमुनाबाई खाली बसली आणि मायलेकींना तिने सांगितलं. तिचा आणि बाबुरावाचा बाप वारला तेव्हा तो सात वर्षांचा होता. घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन बरीच वर्षं झाली होती, पण जुन्या चाली सुटल्या नव्हत्या. बायकांनी आईचे हात धरून उंबऱ्यावर दगडाने तिचा हिरवा चुडा फोडला. पोरगं मध्ये पडलं, आईच्या मनगटावर त्याने आपला हात ठेवला, आणि काच तळहातात घुसली. पुढे कितीतरी महिने कुणाच्या हातात हिरव्या बांगड्या दिसल्या की ते घराबाहेर पळायचं.

हिरा ऐकत राहिली. तळहातावरचा तो वण तिने हजारदा पाहिला होता. पोत्याचा हूक लागला, असं बाबुरावाने लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. एकोणतीस वर्षं ज्या माणसाला जेवायला वाढलं, त्याच्या हातावरची जखमसुद्धा आपल्याला ठाऊक नव्हती, हे दुःख तिला त्याच्या जाण्याइतकंच जड झालं.

बाबुरावाच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला अभिनवचे आईवडील आले. लग्न पुढे ढकलू म्हणाले. यमुनाबाईने ठाम सांगितलं की तारीख तीच राहील, फक्त हॉलऐवजी विहारात करू. दुसऱ्या दिवशी दीक्षा आईला म्हणाली, आपण पांढरी साडी आणू.

या वेळी त्या दुसऱ्या दुकानात गेल्या. दीक्षाने निळ्या काठांची रेशमी पांढरी साडी उचलली, पण उलगडली नाही.

"आई, बाबा तेव्हा रागाने म्हणाले होते का गं?"

होय म्हटलं असतं तर पोर आयुष्यभर जळली असती. नाही म्हणणं सोपं होतं. पण बाबुरावाबद्दल आणखी एक खोटी गोष्ट घरात राहावी, असं हिराला वाटेना.

"मला नाही कळलं," ती म्हणाली. "त्यांनी माझ्याकडे बघितलं होतं. मी त्यांच्या बाजूने बोलले नाही. मलाच ती पैठणी हवी होती, दीक्षा. तुझ्या अंगावर का होईना."

दीक्षा रडायला लागली. दुकानातल्या बाईने न विचारता पाण्याचा ग्लास पुढे ठेवला.

"त्यांच्यासाठी म्हणून नेसू नकोस," हिरा म्हणाली. "गेलेल्या माणसाची समजूत काढता येत नाही. तुला हवी असेल तरच घे."

दीक्षाने बराच वेळ साडीवर हात ठेवला. मग ती घेतली.

लग्नाच्या सकाळी हिराने स्वतः तिच्या निऱ्या घातल्या. चुडा भरला नाही, मुंडावळ्या बांधल्या नाहीत. केसांत मोगऱ्याचा गजरा आणि हातात साध्या दोन पाटल्या. विहारात त्रिशरण पंचशील झालं, लोकांनी फुलं टाकली. पोर सुंदर दिसत होती आणि तिचे डोळे सारखे पुरुषांच्या पहिल्या रांगेकडे जात होते. तिथे कुणीतरी सवयीने नवरीच्या बापाची खुर्ची मोकळी सोडली होती. हिराने ते पाहिलं आणि मान खाली घातली.

संध्याकाळी दीक्षा सासरी जायला नागपूरच्या गाडीत बसली. हिरा आणि यमुनाबाई घरी आल्या. सकाळचा भात उरला होता, तोच गरम करून खाल्ला. यमुनाबाई पिशवी भरायला लागली, उद्या पहिल्या बसने निघते म्हणाली. शेतात खुरपणी अडली होती.

"आक्का, दोन दिवस राहा," हिरा म्हणाली. "मला त्यांचं अजून काय काय माहीत नाही, ते सांगा."

यमुनाबाईने पिशवी बाजूला ठेवली. थोडा वेळ आठवत राहिली.

"लहानपणी त्यो लई बोलायचा," ती म्हणाली. "थांबायचाच न्हाई बघ."

हिराला ते खरं वाटेना. ती तिच्याजवळ सरकून बसली.